सिम टाकायचं नव्हतं, तरी सिमवाला आयपॅड मिनी घेतला

मांडवा जेट्टी सोडून तास-दीड तास झालेला, समोर खांदेरीचं दीपगृह दिसायला लागलेलं, आणि माझ्या नव्याकोऱ्या टॅबलेटवरचा निळा ठिपका काही जेट्टीवरून हलायला तयार नाही. मित्राची २६ फुटी शिडाची बोट, सुकाणूवर तो, आणि मी बाजूला बसून मोठ्या तोऱ्यात "थांब, मी सांगतो कुठे आहोत ते" म्हणून टॅबलेट काढलेला. बंद करून चालू केला, ॲप उडवून परत उघडलं, हात वर करून टॅबलेट आकाशाला दाखवला (हो, केलं मी हे), ठिपका तिथेच. मित्र म्हणतो, अरे तो वडापाव खायला थांबला असेल जेट्टीवर, येईल मागच्या लाँचने.

झालं काय होतं, मी घेतलेला फक्त वायफायवाला. दुकानात विचारलं होतं की याच्यात जीपीएस आहे ना, तर काउंटरवरच्या पोराने मॅप उघडून दाखवला, बघा सर, आपलंच दुकान दाखवतोय. आता दाखवणारच ना, आजूबाजूला पन्नास वायफाय, त्यांच्यावरून त्याने अंदाज बांधला. समुद्रात कुठून आणायचं वायफाय? शेवटचं दिसलं ते जेट्टीवरचं, तिथेच त्याची गाडी अडकली. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीही आहे, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायचा कंटाळा केला. तो टॅबलेट चार महिन्यांत भाच्याला गेला, कमी पैशात, आणि वर त्याचे उपकार की घेतला.

तर जे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही ते आधी सांगतो. आयपॅडमध्ये फक्त वायफायवाल्या मॉडेलला जीपीएस चिप नसतेच, वायफाय प्लस सेल्युलर असं लिहिलेलं जे मॉडेल असतं त्यालाच असते. आणि गंमत म्हणजे जीपीएस चालायला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, काहीच लागत नाही, उपग्रहाचा सिग्नल वरून फुकट येत असतो, फक्त तो पकडायला चिप हवी. मी माझ्या आताच्या सेल्युलर मिनीत आजतागायत सिम चालू केलेलं नाही. फक्त नेट नसताना पहिल्यांदा लोकेशन पकडायला त्याला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून मी धक्क्यावर सामान चढवत असतानाच ॲप उघडून ठेवतो. अँड्रॉइडवाल्यांचं वेगळं आहे, सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत वायफायवाल्यालाही जीपीएस असतं, पण स्वस्तातल्या बाकी कंपन्यांचं मॉडेलमागे बदलतं, तेव्हा कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये जीपीएस, ग्लोनास (रशियाचं जीपीएस) असली नावं दिसतात का ते बघायचं, काउंटरवरच्या पोराला विचारायचं नाही. ज्यांच्याकडे वायफायवाला आधीच आहे त्यांनी माझ्यासारखा लगेच विकू नका, गार्मिन, बॅड एल्फ, ड्युअल या कंपन्यांचे काडेपेटीपेक्षा जरा मोठे ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर मिळतात, ते जोडले की काम भागतं. फक्त आणखी एक डबडं चार्ज करायचं आणि लक्षात ठेवून पिशवीत टाकायचं, मला ते जमणाऱ्यातलं नाही.

दुसऱ्या वेळी मात्र दोन महिने घेतले ठरवायला. बायको म्हणाली एवढा विचार घर घेताना केला नव्हतास. अडचण अशी की मला एकच वस्तू वाचायला, बोटीवर चार्ट म्हणजे समुद्राचे नकाशे बघायला आणि रेल्वेच्या प्रवासात न्यायला अशा तीन कामांना हवी होती आणि तिन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. वाचायला किंडलचं कागदासारखं दिसणारं ई-इंक चांगलं, डोळ्यांना त्रास नाही, उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतं, किंडल पेपरव्हाइट माझ्याकडे आहेच आणि ते पाण्यालाही भीत नाही. पण त्याच्यावर चार्ट काही चालत नाही. चार्ट बघायला मोठी स्क्रीन बरी, पण मोठी स्क्रीन म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे मांडवी एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर आडवं पडून वाचताना दहा मिनिटांत मनगट बोंबलतं आणि डुलकी लागली तर थेट नाकावर.

सॅमसंगचा टॅब एस ९ एफई जवळजवळ घेतलाच होता. १०.९ इंची, आयपी ६८ म्हणजे पाण्यापासून बचाव, पेन खोक्यातच, मेमरी कार्ड टाकता येतं, आणि आयपॅडपेक्षा बराच स्वस्त. फक्त बोटीवर वापरायचा असता तर मी डोळे झाकून तोच घेतला असता, आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. पण तो ५२३ ग्रॅम आणि आयपॅड मिनी सेल्युलर २९७ ग्रॅम. दुकानात दोन्ही एकेका हातात धरून पाच मिनिटं उभा राहिलो आणि ठरलं. आणि ते आयपी ६८ चं एक लक्षात घ्या, ही चाचणी गोड्या पाण्यात होते. आपलं पाणी खारं. मीठ चार्जिंगच्या भोकात बसलं की आयपी बियपी काही बघत नाही.

घेतला तो २०२४ सालचा मिनी, ए १७ प्रो चिपवाला, १२८ जीबी. भारतात आला तेव्हा वायफायवाल्याची किंमत ४९,९०० आणि सेल्युलरची ६४,९००, म्हणजे एका जीपीएस चिपेसाठी वर पंधरा हजार. हो, दुखतं. मोडेमही येतं त्यात, पण मला ते नकोच होतं. बाहेरचा रिसीव्हर स्वस्तात पडला असता हेही माहीत होतं. पण खांदेरीसमोर झालेली फजिती आठवली आणि कार्ड पुढे केलं.

आता समुद्रावरचं. ठिपका हलतो! नुसता हलत नाही, खांदेरी-उंदेरीच्या बाजूने जाताना बोट वाऱ्याने जरा सरकली तरी त्याचा कोन बदललेला दिसतो. खिशातल्या फोनवरही हे दिसतंच, पण फोनच्या पट्टीत एक तर खडक दिसतो नाहीतर आपण, दोन्ही एकदम बघायला आठ इंच तरी हवेत. ८.३ इंच मला पुरतात, कॉकपिटमध्ये मांडीवर ठेवता येतो, एका हाताने धरता येतो, दुसरा हात बोटीला धरायला मोकळा, आणि हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हे पहिल्या लाटेला कळतं.

त्रास तीन. पहिला ऊन. ५०० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन घरात डोळे दिपवते, पण एप्रिलच्या दुपारी बारा वाजता पूर्ण ब्राइटनेसला सुद्धा आरशासारखी दिसते, टोपी आडवी धरून बघावं लागतं. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालूनच दुकानात जा आणि टॅबलेट उभा-आडवा फिरवून बघा, काही कोनात स्क्रीन काळी पडते. दुसरा त्रास उष्णता. ॲपल स्वतःच ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणतं आणि आपल्याकडे मे महिन्यात डेकवर त्याच्या वर सहज जातं, मग कुठलाही टॅबलेट स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो नाहीतर सरळ गप्प बसतो. मित्राचा जुना टॅबलेट (कंपनी वेगळी, नाव कशाला) एकदा बरोबर चौल कडूच्या खडकांच्या आसपास असा गप्प बसला होता, आम्ही तो आइसबॉक्समध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्यांशेजारी ठेवला, जे अजिबात करायचं नसतं कारण आत दव धरतं, पण तेव्हा डोकं चालत नाही. आता ओला पंचा, सावली आणि अर्धा तास बंद. तिसरा पाणी. मिनीला पाण्याचं कसलंही रेटिंग नाही. महागडी वॉटरप्रूफ केस घेतली, ती जाड, गरम, आणि तिच्यातून टच नीट लागेना, शेवटी झिपवाली पारदर्शक पिशवी बरी पडली. शिंतोडे उडाले की स्क्रीनला वाटतं बोटं लागतायत आणि चार्ट आपोआप मुंबईहून मस्कतला जातो, त्यावर उपाय म्हणजे सेटिंगमध्ये गायडेड ॲक्सेस आहे, त्यात टच बंद करून ठेवता येतो.

रात्रीसाठी एक युक्ती, ही मला फार उपयोगी पडली. ॲक्सेसिबिलिटीत कलर फिल्टर्स म्हणून आहे, त्यात कलर टिंट लाल करून ठेवायचं आणि वरचं बटण तीनदा दाबलं की चालू असा शॉर्टकट लावायचा. सगळी स्क्रीन लाल होते, अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, आणि नजर वर केली की लांबच्या मचव्याचा दिवा दिसतो. एरवी पांढऱ्या स्क्रीनकडे बघून वर बघितलं की पुढची काही मिनिटं सगळा काळोख.

चार्टसाठी मी नॅव्हिऑनिक्सचं ॲप वापरतो, वर्षाचं सबस्क्रिप्शन आहे, आणि घरी वायफायवर असतानाच आपला भाग डाउनलोड करून घ्यायचा, समुद्रात नेट जाणारच. अँड्रॉइड किंवा लॅपटॉप असेल तर ओपन सीपीएन बघा, आयपॅडवर ते नाही. पण ॲप कुठलंही असो, झूम. लांबून बघितलं तर ॲप बारीकसारीक गोष्टी लपवतं, स्क्रीन भरून जाऊ नये म्हणून, आणि खडक ही त्याच्या लेखी बारीकसारीक गोष्ट असू शकते. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्हॉल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या खडकांवर अशीच चढली. जगातले एक नंबरचे खलाशी, केपटाउनहून अबुधाबीला निघालेले, चार्टवर ते खडक होते, पण पुरेसं झूम करून कोणी पाहिलंच नाही. जीव वाचले सगळ्यांचे. त्यामुळे आमचा नियम, निघायच्या आदल्या रात्री घरी बसून सगळा रस्ता बोटाने मोठा करकरून एकदा सरकवत बघायचा, चहा घेऊन बसलं तर मजा येते.

आणि जे चार्टवर नसतंच त्याचं काय? थळच्या बाजूला एकदा एका तांडेलाशी, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याशी, बोलणं झालं, आम्ही त्याच्या जाळ्याच्या फारच जवळून जात होतो, तो ओरडला, मग जवळ गेल्यावर हसला आणि माझ्या हातातल्या टॅबलेटकडे बोट करून म्हणाला, "काय भाऊ, त्या पाटीवर माझी डोल दिसते काय?" नाही दिसत. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं जाळं, आणि डोलीचे खुंट, जाळ्यांचे बोये हे कुठल्याच ॲपमध्ये नाही. खाड्यांच्या तोंडाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, चार्टवरचा आकडा कधीचा असेल सांगता येत नाही, तिथे उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची छोटी आणि पाणी किती वर आलं हे गावातला माणूस जास्त बरोबर सांगतो. म्हणून बोटीवर होकायंत्र आहे, देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा कागदी चार्ट आहे, हातातला व्हीएचएफ रेडिओ आहे मदत मागायच्या चॅनल १६ वर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये आहे. परदेशी यूट्यूबवाले वर सॅटेलाइट फोनही घ्या म्हणतात, ते मनावर घेऊ नका, आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे.

वाचायचं म्हणाल तर इथे मिनीने मला चकित केलं. दिवाळी अंकांच्या पीडीएफ, दोन-दोन कॉलमच्या, किंडलवर मुंग्यांसारख्या दिसायच्या, इथे उभा धरला की अख्खं पान मावतं आणि चष्मा लावून आरामात वाचता येतं. जुन्या पुस्तकांचे स्कॅन, पिवळी पानं, कडेला कोणीतरी पेन्सिलने केलेल्या खुणा, सगळं जसंच्या तसं. बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्या ॲपवर वाचतो. कोकण रेल्वेत करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात सगळ्यांचे व्हिडिओ गोल गोल फिरत बसतात तेव्हा मी शांतपणे पान उलटत असतो. पण मोठी कादंबरी असेल, सलग चार तास, तर अजूनही किंडलच. चाळीस मिनिटांनी मिनीवर मेल येतं, मग व्हॉट्सॲप, मग क्रिकेटचा स्कोअर, आणि कादंबरीतला नायक बिचारा तसाच दारात उभा. बॅटरीचंही तेच, किंडल आठवड्यांवर जातं, मिनी वाचताना दिवसभर टिकतो पण बोटीवर पूर्ण ब्राइटनेस आणि जीपीएस चालू असेल तर दुपारनंतर चार्जर शोधावाच लागतो. बारा व्होल्टच्या सॉकेटला यूएसबी-सी चार्जर लावून ठेवलाय.

पैसे कमी असतील तर जुना २०२१ चा मिनी सेकंडहँड बघा, तोही ८.३ इंची आणि यूएसबी-सी, चार्टला पुरून उरतो. फक्त समोरचा माणूस सेल्युलर आहे म्हणाला म्हणून पैसे देऊ नका. सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे आयएमईआय नंबर दिसला तर सेल्युलर, नाही दिसला तर चहा पिऊन उठा. भाच्याला दिलेला माझा पहिला टॅबलेट सध्या ओएलएक्सवर आहे, जाहिरातीत त्याने लिहिलंय, मॅप चालतो.