घरी येऊन सोनं पॉलिश करणाऱ्यांपासून सावध रहा, आईच्या पाटल्या गेल्या

दुपारी घरात बाई एकटी असली की बरोबर येतात हे लोक. आमच्याकडे दोघं आले, गळ्यात कसलंतरी कार्ड, "मावशी, भांड्याची पावडर आहे, घेऊ नका, नुसती बघा." काळा पडलेला तांब्या लखलखीत करून दिला, मग चांदीचं निरांजन, आणि मग हळूच "पाटल्या किती मळल्यात मावशी". त्यांच्याच प्लास्टिकच्या डब्यात पाटल्या टाकून वर बाटलीतलं पाणी ओतलं, आई म्हणते नाकाला झोंबणारा वास आला आणि पिवळट धूर निघाला. नंतर धुऊन हळदीच्या पाण्यात ठेवल्या, झाकण लावलं, अर्धा तास उघडू नका म्हणाले, तोवर पसार.

पाटल्या होत्या तिथेच. सोनाराच्या काट्यावर 24 ग्रॅमच्या 19 भरल्या, 916 चा (22 कॅरेटचा) छाप पुसट, कडा खाल्लेल्या.

मी बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चमकवायच्या कामात आहे म्हणून सांगतो, पॉलिशने 5 ग्रॅम जाऊच शकत नाही. धातूवर डोळ्याला न दिसणारे उंचवटे आणि खाचा असतात. आम्ही आधी 120 नंबरचा एमरी (घासायची खरखरीत पूड) मारतो, मग 220, मग 400, दरवेळी ओरखडा आधीपेक्षा बारीक, शेवटी फिरत्या कापडी चाकावर कंपाउंड (चमकवायचा लेप) लावून तोही घालवायचा, पृष्ठभाग सपाट झाला की उजेड विखुरत नाही आणि चमक दिसते. झिजतात ते फक्त उंचवटे. सोनार तर ती धूळसुद्धा सोडत नाही, झारेकरी सराफाच्या दारची माती धुऊन सोनं काढतात ते उगाच नाही.

ते पाणी म्हणजे आम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक अॅसिड. एकेकट्या अॅसिडला सोनं दाद देत नाही पण या मिश्रणात विरघळतं, ते पाणी घेऊन गेले म्हणजे सोनंच घेऊन गेले, नंतर जस्त टाकलं की ते परत खाली बसतं. हळद फक्त पळायला वेळ मिळावा म्हणून.

आणि तांब्या चमकला म्हणून विश्वास ठेवू नका, तांब्या चिंचेनेही चमकतो. सोनं गंजत नाही हो, त्यावर साबण, तेल, पीठ बसतं, कोमट पाणी, रिठा आणि मऊ ब्रश बास झाला. ओरखडे असतील तर सोनाराकडेच जा, वजन करून द्या, वजन करूनच घ्या.

आई भीतीने दोन दिवस घरात बोललीच नाही, तेवढ्यात ते लोक कुठच्या कुठे गेले. घरातल्या कुणाचं असं झालं तर प्लीज त्यांच्यावर ओरडू नका, आधी 112 ला फोन लावा आणि त्या हळदीच्या पाण्याचं भांडं न धुता पोलिसांना दाखवा.