रोज थोडं की दोन वर्षांनी एकदम? लिनक्सची अपडेट आणि पडद्यावरची मराठी

लिनक्स घ्यायचं ठरलंय, पण वितरण डेबियनसारखं संथ (साधारण दोन वर्षांनी एकदम बदलणारं) की आर्च, टम्बलवीडसारखं रोलिंग (नवं येईल तसं रोज थोडं थोडं देणारं), इथं घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही वापरून झालीत. सव्वा वर्ष रोलिंग, त्यानंतर आजतागायत डेबियन. (उबंटूचं एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, तेही डेबियनच्याच पंगतीतलं धरा.)

आधी रोलिंगचं कौतुक. अगदी नवा लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड असेल तर तेच सोयीचं. डेबियनच्या जुन्या कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते हार्डवेअर बऱ्याचदा ओळखू येत नाही, मग बॅकपोर्ट्समधून (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा कर्नेल आणत बसा. आणि लोक म्हणतात तितकं ते मोडतही नाही. सव्वा वर्षात माझं मशीन एकदाही बूट व्हायचं राहिलं नाही.

मला नडलं ते वेगळंच. मी मुद्रितशोधन करतो. दिवाळी अंकांची घाई चालू होती. सकाळी अपडेट केली, चहा घेऊन बसलो, तर पडद्यावरची देवनागरी परकी. ल आणि श हिंदी वळणाचे, अक्षर अंगानं बारीक, ओळी भलत्याच जागी तुटलेल्या. आदल्या रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं आणि मी तर काहीच बदललं नव्हतं. गोम तिथंच होती. फाँट मी कधी निवडलाच नव्हता, सिस्टीम दाखवेल तो बघत होतो. अपडेटबरोबर कुठलंसं फाँटचं पॅकेज आलं आणि रांगेत पुढं जाऊन बसलं. वितरणाचं नाव घेत नाही, दुसऱ्यातही हे झालं असतं. पण खटकणारं अक्षर टिपण्यावर ज्याचं पोट, त्याला सगळीच अक्षरं खटकायला लागली तर चूक दिसणार कशी? त्या दिवशी दोन फर्मे पुन्हा वाचले.

डेस्कटॉप साधारणपणे आपण हात लावलेली सेटिंगच लिहून ठेवतो. बाकीची डिफॉल्ट, म्हणजे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. २८ फेब्रुवारी २०२४ ला केडीईचं प्लाझ्मा ६ (लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपची नवी आवृत्ती) आलं. फाइल एका क्लिकवर उघडायची ती दोन क्लिकवर गेली, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ च्या जागी नवं वेलँड डिफॉल्ट झालं. रोलिंगवाल्यांकडं हे लवकरच पोचलं. डेबियन १२ मात्र प्लाझ्मा ५.२७ वरच थांबलं आणि प्लाझ्मा ६ आलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ बरोबर. मधल्या दीड वर्षात त्या बदलांवर लोकांची भांडणं होऊन गेली होती, उपायही लिहून झाले होते. शिळी बातमी वाचण्यात सुद्धा सुख असतं.

आता डेबियनवाल्यांनी फार टेंभा मिरवू नये. बदल त्यांनाही चुकत नाहीत, साचून एकदम येतात. १३ वर जाताना माझा अख्खा रविवार गेला, दोन जुनी स्क्रिप्टं मोडली. पण तो रविवार मी निवडला होता. नोव्हेंबरातला, अंक बाजारात जाऊन पडल्यावरचा.

तुमचं काम पडद्यावर फारसं अवलंबून नसेल, किंवा नवं काही आलं की उघडून बघण्याची हौस असेल, तर रोलिंग घ्या. मी अडवणार नाही. फक्त पहिल्याच दिवशी फाँटकॉन्फिगच्या (कुठल्या भाषेला कुठला फाँट ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये मराठीसाठी फाँट नावानिशी लिहून ठेवा. त्यातही एक मेख आहे. काही फाँटांमध्ये मराठी वळणाचे ल-श असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंद असेल तरच ते दिसतात. तेव्हा वर्ड प्रोसेसरमध्ये भाषा हिंदीवर राहिली नाही ना, तेही बघा.

मी ती फाइल डेबियनवरही लिहून ठेवली आहे.