विनापरवाना ०.१७७ एअर रायफल: घेण्याआधी काय बघाल, घेतल्यावर काय टाळाल

ब्रेक-बॅरल स्प्रिंगर, म्हणजे नळी खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबायची (कॉक करायची) रायफल, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, आणि खोक्यावर ‘परवान्याची गरज नाही’. ठाणे-नवी मुंबईत पहिली एअर रायफल घेणारे बहुतेक जण याच प्रकारावर येऊन थांबतात. आमचं मत आधीच सांगतो. दहा मीटरवर कागदी टार्गेट मारायला शिकायचं असेल तर ही वस्तू पैसे वसूल करते, पाचपैकी चार गुण. गॅलरीतली कबुतरं हाकलायची असतील किंवा येऊरकडून येणाऱ्या माकडांना धडा शिकवायचा असेल, तर शून्य. छऱ्याने प्राणी मेला किंवा जायबंदी झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वन्यजीव कायदा त्याहून वेगळा.

परवाना लागत नाही म्हणजे कायदा लागत नाही, असं नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार एअर वेपनचं बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त असेल किंवा नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. सवलत हवी तर दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. आणि ही सवलत बिलाला मिळालेली नाही, बंदुकीला मिळालेली आहे. बंदूक आज ज्या अवस्थेत तुमच्या हातात आहे, तिचीच तपासणी होणार. घेताना बिलावर मॉडेल, अनुक्रमांक, बोअर आणि ज्यूलमधली ऊर्जा लिहून घ्या. ओळखपत्राची प्रत मागितली तर ती द्या. जो दुकानदार ती मागतच नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

खोक्यावरच्या ‘१००० एफपीएस’वर भुलू नका आणि त्याला घाबरूही नका. तो आकडा बहुधा अगदी हलक्या छऱ्यावर काढलेला असतो. सेकंदाला १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. ०.३५ ग्रॅमचा छर्रा या वेगाने सुटला तर ऊर्जा होते साधारण १६.३ ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या आत. हिशेब सोपा आहे: वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, वेगाचा वर्ग करून वस्तुमानाने गुणा आणि निम्मे करा. ०.५ ग्रॅमच्या नेहमीच्या छऱ्यासाठी २० ज्यूलची रेषा २८३ मीटर प्रति सेकंदावर येते.

पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवायची रायफल घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. स्प्रिंगरमध्ये जड छर्रा घातला तर ऊर्जा सहसा वाढत नाही, पण पीसीपीत बहुतेक वेळा वाढते. ०.५ ग्रॅमचा छर्रा २७० मीटरने गेला तर १८.२ ज्यूल, म्हणजे सगळं ठीक. त्याच बंदुकीतून ०.६७ ग्रॅमचा छर्रा २५० मीटरने सुटला की २०.९ ज्यूल. एकही स्क्रू न फिरवता बंदूक रेषेपलीकडे गेली. म्हणून पीसीपी घेताना क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, जड छऱ्याचाही वेग मोजून मागा.

खरी अडचण होते ती ‘अपग्रेड’मुळे. जास्त ताकदीची स्प्रिंग, पीसीपीत हवेची झडप ठोकणारा हॅमर घट्ट करणं, ०.२२ ची नळी बसवणं, यातल्या कशानेही सवलत जाऊ शकते. नळी कापण्याचं वेड तर अमेरिकन व्हिडिओंतून आलंय आणि ते सगळ्यांत वाईट. तिथला संदर्भच वेगळा आहे. १९३४ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिथे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा कमी लांबीची रायफल ‘शॉर्ट-बॅरल’ ठरते आणि तिची केंद्राकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, पण नोंदणी सुटली नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत तर सामान्य नागरिकाला ती ठेवताच येत नाही. एअरगनचं आणखी निराळं. तिथला केंद्रीय कायदा स्फोटकावर चालणाऱ्या शस्त्रालाच बंदूक मानतो, तर न्यू जर्सी एअरगनलाही बंदूक धरतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणाऱ्या भावाने दिलेला सल्ला ऐरोलीत चालणार नाही.

आपल्या शस्त्र कायद्यातली, १९५९ ची, व्याख्या रुंद आहे: स्फोटकाने ‘किंवा अन्य ऊर्जेने’ गोळी फेकणारं साधन. कलम ६ म्हणतं की विशेष परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१) खाली याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बारा बोअरसारख्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांपेक्षा आखूड असेल, तर ती नियमांच्या पहिल्या, सर्वांत कडक गटात जाते. एअर रायफलला हे कलम किती लागतं, यावर न्यायालयात वाद घालत बसण्याइतका फायदा नळी कापून मिळत नाही. उलट तोटेच. ब्रेक-बॅरलमध्ये नळी हीच कॉक करायची तरफ असते. ती आखूड झाली की कॉक करायला जास्त जोर लागतो, पुढची माशी जाते, आणि तोंडाची कड हॅकसॉने वाकडी कापली गेली की छर्रा एका बाजूला ओढतो. तसं कोणी कापून दिलं, तरी घेऊ नका.

आता वापराकडे. नव्या स्प्रिंगरचे पहिले दोनेकशे छर्रे विखुरलेलेच लागतात. आतलं जादा तेल जळून धूर आणि मोठा आवाज येतो, त्याला डीझलिंग म्हणतात. ते कमी होईपर्यंत दुर्बीण जुळवायच्या फंदात पडू नका. सिलिंडरमध्ये वरून तेल तर अजिबात सोडू नका, पिस्टनचं सील त्यानेच फाटतं. छऱ्याशिवाय ट्रिगर दाबला की पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट समोर आदळतो. नळी उघडी असताना ट्रिगर दाबला गेला तर नळी झटक्याने वर येते. त्यात बोटं चेचतात, नळी वाकते, लाकडी दस्ता तडकतो. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा.

नेम अचानक बिघडला तर आधी दस्त्याचे स्क्रू बघा, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डजवळचे. धक्क्याने ते ढिले होतात. निळं थ्रेडलॉकर लावून कसा. स्क्रू घट्ट असूनही ताकद कमी वाटली, तर नळीच्या मागच्या तोंडाची ओ-रिंग बदला. शंका असेल तर तिथे टिश्यूचा तुकडा धरून एक छर्रा मारा, हवा गळत असेल तर टिश्यू उडतो. पकड सैल ठेवा. पुढचा हात नुसता टेकू, आणि दर वेळी त्याच जागी. स्प्रिंगर आवळून धरली की छर्रे पसरतात. दुर्बीण एअरगनसाठीचीच घ्या, कारण स्प्रिंगरचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो आणि साध्या दुर्बिणीची क्रॉसहेअर त्यात सुटते. फोकस दहा मीटरवर यायला हवा. स्टीलचे बीबी नको, ते नळीतल्या चऱ्या, म्हणजे आतल्या पीळदार खाचा, खातात आणि उलटे उसळतात. कागदासाठी सपाट तोंडाचे शिशाचे छर्रे उत्तम. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक वापरानंतर नळीवर बाहेरून तेलाचं फडकं फिरवा आणि पिशवीत सिलिका जेल ठेवा. आपल्या हवेत घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात.

टू बीएचकेत सलग दहा मीटर क्वचितच मिळतात. मिळाले तरी मागे छर्रा पक्का अडवणारी पेटी लागते, आणि मधल्या दारातून कोणी येणार नाही याची खात्रीही. सोसायटीच्या गच्चीवर नकोच. कठड्यावरून गेलेला छर्रा कोणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही.

मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर आधी क्लबमध्ये न्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो याच ४.५ मिमीच्या छऱ्याने, पण मॅच रायफल वेगळी असते. तिची ऊर्जा साधारण ७.५ ज्यूल आणि धक्का जवळपास नाहीच. टार्गेटवरची दहाची खूण अर्ध्या मिलिमीटरची, तिथे ताकदीचा उपयोग शून्य. धक्क्याच्या स्प्रिंगरवर मुरलेल्या सवयी नंतर मोडाव्या लागतात.

ने-आण करताना राज्याचा कायदा आड येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रंच काय, काठीसुद्धा सार्वजनिक ठिकाणी नेता येत नाही. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, बदलापूरसाठी ठाणे आयुक्तालयाचा आदेश बघा, वाशी-पनवेलसाठी नवी मुंबईचा. निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक हद्दीचा आदेश तपासा, कारण ऐरोलीचा पूल ओलांडला की मुंबई पोलिसांची हद्द लागते. रायफल रिकामी, बंद केसमध्ये, छर्रे वेगळ्या डब्यात, आणि बिलाची प्रत केसच्या झाकणातच चिकटवलेली.