चरबी दाखवणारा स्मार्ट वजनकाटा: वजन खरं, ‘शरीराचं वय’ खोटं

गेल्या पावसाळ्यापासून घरात वापरात असलेल्या स्मार्ट वजनकाट्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाराशे ते दोन हजारांत मिळणारे हे काचेचे, चार चकचकीत पट्ट्यांचे काटे आतून जवळपास सारखेच असतात आणि पुढचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू होतं. ब्लूटूथ, १८० किलोची क्षमता, मोबाइलवर डझनभर आकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायचं कारण म्हणजे ॲपचं ताजं अपडेट. आता ‘शरीराचं वय’ (तुमचं शरीर किती वर्षांच्या माणसासारखं आहे याचा ॲपने लावलेला अंदाज) खऱ्या वयापेक्षा जास्त आलं की त्या आकड्याखाली ‘फॅट बर्नर’ पावडरीचा डबा दिसतो आणि शेजारी ‘आत्ताच घ्या’चं बटण. ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर आलं, ‘ही जाहिरात नाही, वेलनेस सल्ला आहे.’ मोजणारा आणि विकणारा एकच झाला की आकडा येतो कुठून हे तपासलंच पाहिजे.

आधी वजनाचं, कारण तिथे तक्रार नाही. चार कोपऱ्यांखालचे लोड सेल, म्हणजे भार मोजणारे भाग, या किमतीतही चांगले असतात. काटा सपाट फरशीवर ठेवा, एकही पाय दोन फरश्यांच्या सांध्यात जाऊ देऊ नका, सतरंजीवर तर अजिबात ठेवू नका. जागेवरून हलवला की पायाने हलकं दाबून आधी ०.० येऊ द्या, मगच उभे राहा. एक चाचणी मात्र नवीन काटा घेतल्या दिवशीच करा. काही स्वस्त काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि दुसऱ्यांदा फरक दोन-तीनशे ग्रॅमच्या आत असला तर नव्याने न मोजता जुनाच आकडा दाखवतात, म्हणजे काटा फार स्थिर वाटतो. वजन करा, उतरा, पाव लिटर पाणी भरलेली छोटी बाटली हातात घेऊन पुन्हा उभे राहा. आकडा तसाच राहिला तर काटा परत करा. आमचा यात उत्तीर्ण झाला.

आता मुद्द्याचं. हा काटा चरबी मोजत नाही. एका तळव्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडतो, तो एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, आणि वाटेत किती अडथळा झाला तेवढंच यंत्राला कळतं. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, म्हणून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, म्हणून अडतो. पोटातून तो जवळपास जातच नाही, आणि ज्या चरबीची खरी काळजी करायची ती नेमकी पोटात असते. म्हणजे ‘व्हिसरल फॅट’ (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) ‘१२’ हे वय, उंची, वजन आणि पायांतला अडथळा सूत्रात घालून काढलेलं अनुमान आहे. ती चरबी प्रत्यक्ष बघायची तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

खात्री करायची असेल तर प्रोफाइलमध्ये वय १५ वर्षांनी कमी करा आणि लगेच पुन्हा उभे राहा. शरीर तेच, चरबीचा टक्का बदलतो. ‘ॲथलीट मोड’ चालू केला की चरबी एका बोटाच्या टिचकीत काही टक्क्यांनी उतरते, कारण यंत्र दुसरं सूत्र वापरायला लागतं. तळव्यांना भेगा असतील, पाय गार किंवा कोरडे असतील तर अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. आंघोळीहून ओल्या पायांनी आलात तर कमी दिसते. थंडीत हा फरक इतका जाणवतो की मोजण्याआधी ओल्या फडक्याने तळवे पुसून मग कोरडे करायची सवयच लावावी लागते.

या डळमळीत टक्क्यावर ‘शरीराचं वय’ उभं असतं. कंपन्या सूत्र सांगत नाहीत, पण विश्रांतीत लागणारी ऊर्जा कुठल्या वयाला शोभते असं धरून, प्रचलित सूत्रं घेऊन हिशेब करता येतो. ६८ किलोच्या बाईंची चरबी ३६ टक्के धरली तर चरबीविरहित वजन सुमारे ४३.५ किलो आणि त्यावरून विश्रांतीत लागणारी ऊर्जा साधारण १,३१० किलोकॅलरी निघते. चरबी ३८ टक्के दिसली तर तीच ऊर्जा १,२८१ होते. फरक २९ किलोकॅलरींचा. वय आणि वजनावर बेतलेल्या दुसऱ्या नेहमीच्या सूत्रात वयाच्या एका वर्षाला ५ किलोकॅलरी धरतात. म्हणजे दोन टक्क्यांची हालचाल, जी सकाळ आणि संध्याकाळच्या मोजमापात सहज होते, ती ‘शरीराच्या वयात’ जवळजवळ सहा वर्षांचा फरक पाडू शकते. बाई सकाळी ५० वर्षांच्या, संध्याकाळी ४४ च्या! हा आकडा डॉक्टर वापरत नाहीत, त्यावर कुठलाही उपचार ठरत नाही. तो फक्त घाबरवण्याच्या कामाचा आहे.

आणि तो त्याच कामाला लावला जातो. गावोगावी, गल्लोगल्ली जे वजन उतरवायचे शेक देणारे क्लब निघालेत तिथे दोन्ही हातांत धरायचं याच तत्त्वाचं यंत्र असतं. त्यात प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात जातो, पोट पुन्हा बाजूलाच. पहिल्या दिवशी ‘फुकट बॉडी चेकअप’साठी पहाटे, उपाशीपोटी बोलावतात. रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं, शरीर थोडं कोरडं असतं, म्हणून चरबीचा टक्का दिवसातला सगळ्यात वरचा. काही दिवसांनी ‘प्रगती’ मोजतात ती संध्याकाळी, झुंबा झाल्यावर, अंग तापलेलं, रक्त त्वचेकडे आलेलं. अडथळा कमी, टक्का कमी. शेकने काहीच केलं नाही तरी कागदावर सुधारणा दिसते. क्लबवाल्या ताईंना किंवा दादांना हे माहीत असेलच असं नाही. त्यांना शिकवलेलं असतं तसं ते करतात. आपण एवढंच म्हणायचं: पहिलं मोजमाप ज्या वेळी, ज्या अवस्थेत केलं, त्याच वेळी आणि त्याच अवस्थेत पुन्हा करा. हे न करणाऱ्याचं कुठलंही ‘आधी-नंतर’ ग्राह्य धरू नका.

इतकं लिहिल्यावर चरबीच्या टक्क्याला मी एकच तारा देणार होतो. पण एका ठिकाणी हा टक्का उपयोगी पडतो, म्हणून मत बदललंय. घरात ‘स्लिमिंग टी’ येतो तेव्हा काटा तीन-चार दिवसांत दीड किलो कमी दाखवतो आणि पिणाऱ्याला हुरूप येतो. त्या वेळी चरबीच्या टक्क्याकडे बघा. तो जागेवरच असतो किंवा उलट थोडा चढलेला असतो. कारण उतरलेलं वजन पाण्याचं असतं, पाणी गेलं की अडथळा वाढतो, आणि यंत्र चरबी वाढली असं समजतं. आकडा चुकीचा, पण इशारा बरोबर. यात चरबी गेलीय की नुसतं पाणी गेलंय ते ओळखायची ही सोपी खूण आहे. एक दिवसाचा टक्का बघू नका, आठवडाभराची दिशा बघा. एकचे अडीच तारे केले ते यासाठी.

त्या चहाचं पाकीट उलटं करून घटक वाचा. सोनामुखी, सेन्ना, स्वर्णपत्री, कॅसिया अँगुस्टिफोलिया ही सगळी एकाच रेचक पानांची नावं आहेत. सोनामुखीचं काम मोठ्या आतड्यात चालतं. अन्नातली ऊर्जा त्याच्या खूप आधी लहान आतड्यात शोषली गेलेली असते. म्हणजे जेवण अंगी लागतंच, जातं ते पाणी आणि त्याबरोबर पोटॅशियम. सलग घेतलं की पोटात मुरडा, थकवा, पायात गोळे, आणि पुढे त्याच्याशिवाय पोट साफ न होणं. चहा बंद केल्यावर दोन दिवसांत वजन परत येतं आणि पाकिटावर लिहिलेलं असतं ‘नियमित घ्या’.

आता जाहिरातीतल्या दाव्यांचा हिशेब. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. ‘१० दिवसांत १० किलो’ म्हणजे रोज ७,७०० ची तूट. घरातल्या साध्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्च २,००० च्या आसपास. तो दहा दिवस पाण्यावर राहिला तरी तीन किलोपेक्षा कमीच चरबी जाईल. मग सुरुवातीला भराभर उतरतं ते काय? यकृत आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) असतं आणि दर ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी. भात-पोळी एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि दीड-दोन किलो कमी दिसतात. पोळी परत सुरू केली की ते परत भरतात. त्याला ‘डाएट सोडल्याची शिक्षा’ म्हणणारा सल्लागार एक तर हे जाणत नाही किंवा लपवतो.

म्हणून काटा वापरायची पद्धत अशी: रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. रात्री लोणचं-पापड-शेव झाली की सकाळी अर्धा-एक किलो जास्त येतो, ते मिठाने धरलेलं पाणी असतं. पाळीच्या आधी एक-दोन किलो वाढ दिसणंही नेहमीचं. आठवड्याच्या सरासरीत अर्धा किलोची घट महिनाभर टिकली तर ती खरी.

पावडरीच्या डब्याकडे परत येतो, कारण ॲप तोच विकतंय. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘पोटाची चरबी वितळवा’, मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ. ती ओळ आरोग्य-पूरक पदार्थांवर छापणं बंधनकारकच आहे, आणि तीच खरी. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणतात, पण तो परवाना अन्न बनवायचा किंवा विकायचा असतो. वजन उतरतं याचा तो दाखला नव्हे. क्रमांक एफएसएसएआयच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाका: नाव, पत्ता डब्यावरच्याशी जुळतो का, परवाना चालू आहे का ते कळतं. न जुळणारे डबे निघतात. मग पोषणतक्ता बघा, तोही ‘दुधासह’च्या स्तंभात नको, नुसत्या पावडरीच्या. एका मापात ९-१० ग्रॅम प्रथिनं असतील तर तेवढी ५० ग्रॅम फुटाण्यांत मिळतात, दहा रुपयांच्या आसपास. शेक घेणाऱ्यांचं वजन उतरतं तेव्हा ते ४०० किलोकॅलरींच्या नाश्त्याऐवजी २०० चा पेला घेतल्यामुळे उतरतं. तो पेला ताक आणि फुटाण्यांचाही चालतो.

‘गार्सिनिया’चं नाव दिसलं तर तो आपल्या कोकमाचा केरळातला भाऊबंद, कुडमपुळी. त्याच्या अर्काने वजनात नगण्य फरक पडतो आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमसुलाचं सार वेगळं आणि गाळीव अर्काची कॅप्सूल वेगळी.

सगळ्यात धोकादायक म्हणजे लेबल ‘शुद्ध हर्बल’ आणि आत न सांगितलेलं औषध. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ पासून बंद आहे, तरी जगभरात ‘वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते वारंवार सापडलंय. खुणा ओळखा: दोन-तीन दिवसांतच भूक साफ मेलेली, तोंडाला कोरड, झोप उडालेली, छातीत धडधड, रक्तदाब वाढलेला. जडीबुटी सहसा असं वागत नाही. गोळ्या लगेच बंद करून, पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता असलाच पाहिजे. नुसता मोबाइल नंबर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर असेल तर हातही लावू नका.

कायदाही आपल्या बाजूने आहे, फक्त वापरला जात नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणंच गुन्हा आहे. पाकिटाचे चारी बाजूंचे फोटो, बॅच नंबर, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, उरलेला माल फेकू नका. तक्रारीसाठी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा फोन १८००-२२२-३६५, आणि पैशांच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काट्याचं ॲप मी मोबाइलवरून काढून टाकलंय. त्याशिवायही वजन काट्याच्या पडद्यावर दिसतं आणि वही पुरते. पेसमेकर असलेल्यांनी हा पट्ट्यांचा काटा वापरू नये, गरोदर बायकांनीही नाही. नवीन घेणार असाल तर चरबीचा काटा सोडा, साधा डिजिटल घ्या आणि वाचलेल्या पैशांतून शिंप्याची मोजपट्टी आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी न आवळता मापा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेलं असेल तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.