स्वयंपाकघरातला वजनकाटा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ओट्यावर नऊ महिने ठाण मांडून बसलेली आणि एकदाही कपाटात न गेलेली वस्तू म्हणजे हा डिजिटल वजनकाटा. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो, वर स्टीलचा पत्रा आहे आणि दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो. या जातीचे काटे बरेच निघतात आणि थोड्याफार फरकाने सगळे सारखेच असतात, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. काटकसरीने घर चालवताना याचा नेमका कुठे उपयोग झाला आणि कुठे झाला नाही, तेवढंच सांगते.

घेण्यामागचं कारण म्हणजे वाण्याची यादी. काही महिने मी यादीतून एकेक वस्तू कमी करत होते. आधी सुका मेवा, मग फळं, मग पोरांचा खाऊ. एवढं करूनही महिनाअखेरीस खर्च तिथल्या तिथेच राहायचा. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अन्न-नासाडीचा अहवाल वाचनात आला. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं, असं त्यात आहे. घरांतून माणशी वर्षाला ७९ किलो, म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅमच्या वर. या आकड्यात साली-देठ-बियाही धरलेल्या आहेत, तरी तो मनातून जाईना. आपल्या घरातून किती जातं हे मला माहीत नव्हतं, आणि ते कळायला वजन करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून काटा आल्यावर त्यावर पहिली वस्तू चढली ती म्हणजे कचऱ्यात जाणारं अन्न. सिंकशेजारी एक स्टीलचा वाडगा ठेवला. साली, देठ, कोयी त्यात टाकायच्या नाहीत. जे खाता आलं असतं आणि खाल्लं गेलं नाही, तेवढंच त्यात जाणार. रात्री झोपण्यापूर्वी वजन करून आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आम्ही चौघं. पहिल्या आठवड्याची बेरीज २ किलो ३४० ग्रॅम झाली, आणि त्यातला १ किलो ३१० ग्रॅम नुसता शिजलेला भात होता.

तो आकडा पाहून मला खरंच वाईट वाटलं. फळं बंद केली होती आणि भात टाकून देत होते. शंभर ग्रॅम तांदळाचा माझ्या हातचा भात साधारण २८० ग्रॅम होतो. त्या हिशेबाने आठवड्याला ४७० ग्रॅम तांदूळ धुऊन, इंधन जाळून, शिजवून मी वाडग्यात ओतत होते. महिन्याचे जवळजवळ दोन किलो झाले. रोज रात्री पातेल्याच्या तळाशी राहिलेलं दोन-तीन डाव एवढंसं दिसायचं, म्हणून त्याची कधी दखलच घेतली नव्हती.

मग दोन आठवडे रोज तांदूळ मोजून घेतले. माझ्या नेहमीच्या वाटीने ३६० ग्रॅम पडत होते, आम्हाला ३०० पुरत होते. साठ ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर, पण माझी सगळी गळती तिथेच होती.

मुठीवरून आठवलं. आई पंधरा दिवस राहायला आली होती. काटा पाहून म्हणाली, "अगं, तांदूळ काय सोनं आहे का तोलून घ्यायला? माणशी एक मूठ, वर एक घरासाठी." मी म्हटलं, आई, तुझी मूठच तोलून बघू. तिनेही हसत पाच मुठी वेगवेगळ्या टाकल्या. ५८, ६०, ५९, ६१, ५८. बेरीज २९६. दोन आठवडे मोजून-मापून मी ज्या आकड्यावर पोचले होते, तिथे ती आयुष्यभर न बघता पोचत आली आहे. माझी मूठ एकदा ४४ भरली, एकदा ५३. आईच्या पिढीने दिवसातून दोनदा, उरलेलं दुसऱ्या दिवशी पुरवायची जबाबदारी डोक्यावर घेऊन हाताला ते वळण लावलं. मला ते वळण कुणी लावलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. आता काट्याच्या मदतीने ते लावून घेते आहे. हल्ली आधी मुठीने घेते, मग तोलते. दहातल्या सात-आठ वेळा पाच-दहा ग्रॅमच्या आत असते.

डाळी-कडधान्यांचंही असंच पाहिलं. सुकं शंभर ग्रॅम भिजून-शिजून सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या दरम्यान भरतं. एकदा हे कळलं की किती भिजत घालायचं याचा प्रश्न उरत नाही. मी एकदम जास्त भिजवते, शिजवते आणि अडीचशे-अडीचशे ग्रॅमचे डबे करून फ्रीझरमध्ये टाकते. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वजन आणि तारीख लिहिलेली. दमून घरी आलं की बाहेरून मागवायचा मोह होतो, तो या डब्यांनी जितक्या वेळा मोडला तितका कुठल्याच निश्चयाने मोडला नव्हता.

आता खरेदी. काटा घरी असतो आणि खरेदी दुकानात होते, पण माझी नजर बदलली ती खरेदीत. एक वही केली : वस्तू, निव्वळ वजन, किलोचा भाव. पुड्याच्या किमतीकडे बघायचं सोडून दिलं. पाचशे ग्रॅमचा पुडा गुपचूप साडेचारशेचा झाला आणि किंमत तीच राहिली, तर भाव ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. पुड्याचं रूप तेच असल्यामुळे हे डोळ्यांना कळत नाही. वहीत कळतं.

तेलात तर मी कित्येक वर्षं फसत होते. काही बाटल्यांवर लिटर असतं, काही डब्यांवर किलो. दोन्ही एकच समजून किंमत बघायचे. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. म्हणजे लिटर आणि किलो एकाच किमतीला मिळत असतील, तर किलोवाल्यात जवळजवळ नऊ टक्के तेल जास्त येतं. दुधाचं उलट आहे. ते पाण्यापेक्षा किंचित जड, लिटरला साधारण १,०३० ग्रॅम. डबाबंद वस्तूंवर दोन वजनं असतात, एक पाण्यासकट आणि एक निथळून. भाव काढायचा तो निथळलेल्या वजनावर.

भाज्यांसाठी वहीत आणखी एक रकाना वाढवला : निवडल्यावर किती राहिलं. एक किलो मटाराच्या शेंगांतून मला ४३० ग्रॅम दाणे मिळाले. तेव्हा शेंगा सोललेल्या दाण्यांच्या ४३ टक्के भावाहून स्वस्त असतील तरच त्या खरोखर स्वस्त, आणि सोलायचा वेळ वेगळाच. फ्लॉवरचे तुरे किलोतून सहाशे ग्रॅमच्या आसपास निघाले. मात्र आतला दांडा साल काढून, बारीक चिरून वापरला तेव्हा आणखी दीडशे ग्रॅम पदरात पडले. तो दांडा मी आजवर फेकत आले होते. आता कोवळे देठ आणि दांडे रश्शात जातात. पालेभाजीचा आकडा दर वेळी इतका बदलतो की नियम काढता आला नाही. मुळं कापून दिलेली आणि पाणी न मारलेली जुडी घ्यावी, एवढंच म्हणेन.

मोठा पुडा स्वस्त पडतो, या समजुतीबद्दलही थोडं. मोठ्या पुड्याचा भाव किलोमागे २० टक्के कमी असला आणि त्यातला पाचवा हिस्सा शिळा होऊन किंवा कीड लागून टाकावा लागला, तर हिशेब अगदी बरोबरीत सुटतो, एक पैसाही वाचत नाही. आमच्याकडे तांदूळ, मीठ, साखर मोठ्या पुड्यात परवडतात. सुके मसाले आणि दाण्यांचं कूट यांच्या बाबतीत मी पुन्हा छोट्या पुड्यांवर आले, कारण वाडग्यात त्यांची नोंद वारंवार दिसायला लागली.

कपडे धुण्याच्या पावडरीचंही इथेच सांगते, कारण तीही किराण्यातच येते. पुड्यातला चमचा मी शिगोशीग भरायचे. सपाट चमचा आणि शिगेचा चमचा तोलले, तर शिगेचा जवळपास दीडपट निघाला. पुड्यावर लिहिलेलं प्रमाण तोलून घेतल्यापासून पुडा जास्त दिवस जातो आणि कपड्यांना पांढरट चुराही चिकटत नाही.

हस्तकलेत हा काटा कामी येईल असं मला वाटलंच नव्हतं. नवरा मुलीच्या एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या कागदांच्या वह्या शिवतो. ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. चाळीस कागदांची वही हवी तर २०० ग्रॅम होईपर्यंत गठ्ठा ठेवायचा, मोजत बसायचं नाही. याच कागदांनी काट्याचीही परीक्षा होते. वीस कोरे, कोरडे कागद ठेवले की शंभरच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. मी दर महिन्याला पाहते.

लोकरीला तर काटा हवाच. उरलेल्या गुंडीतून दुसरा पायमोजा होईल का, हा प्रश्न विणणाऱ्या प्रत्येकीला पडतो. पहिला मोजा विणून झाला की तो तोलायचा, मग गुंडी तोलायची. गुंडी चार-पाच ग्रॅमने तरी जास्त असली तरच पुढे जायचं. या हिवाळ्यात जुना स्वेटर उसवून काढलेल्या लोकरीतून तीन जोड्या झाल्या. चौथ्या जोडीला अकरा ग्रॅम कमी पडत होते. ते आधीच कळल्यामुळे टाचा आणि बोटं दुसऱ्या रंगाची केली. मुलीला तीच जोडी सगळ्यांत जास्त आवडते. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे मात्र तोलायची काही गरज नाही, वितळवून जेवढं होईल तेवढं ओतावं.

आता खटकलेल्या गोष्टी. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे थोडं थोडं आणि हळूहळू घातलेलं हा काटा मोजत नाही. शून्य केल्यावर चिमूट-चिमूट मीठ घालत गेलात, तर पडदा शून्यावरच बसून राहतो. असे काटे शून्याच्या आसपासचा बारीक फरक आपोआप पुसून टाकतात, म्हणून हे होतं. लोणच्याचं मीठ एकदा यामुळेच जास्त पडलं. त्यावर माझा उपाय असा : मिठाचा डबाच काट्यावर ठेवायचा, शून्य करायचं आणि डब्यातून काढत जायचं. जेवढं काढलं तेवढा उणे आकडा दिसतो. तेलाची बरणी, पिठाचा डबा, मधाची बाटली यांनाही हीच पद्धत सोयीची. वाटी-चमचे खरकटे होत नाहीत. तरीही तीन-चार ग्रॅमच्या खालच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरं, मिलीलिटरचं बटण फक्त पाण्यापुरतं खरं आहे. काटा तेव्हाही वजनच घेत असतो आणि एक ग्रॅमला एक मिलीलिटर म्हणतो. तेलाला ते लावलं तर चूक होणारच.

तिसरं, दोन मिनिटांत काटा बंद होतो आणि शून्य विसरतो. पीठ तोलताना दारावरची बेल वाजली की सगळं पहिल्यापासून. रुंद परात ठेवली की पडदा झाकला जातो. मी मधे उलटी वाटी ठेवून त्यावर परात ठेवते आणि मग शून्य करते. भांड्याचं वजनही पाच किलोंतच धरलं जातं, हे जड भांडी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ओटा सपाट हवा, खाली फडकं नको. सेल सहाव्या महिन्यात बदलले. आकडे फिके होऊन उगाच नाचायला लागले की काटा बिघडला असं समजण्याआधी सेल बदलून बघा.

घ्यावा का? हाताला आईसारखं वळण असेल आणि पातेलं रोज रिकामं होत असेल, तर काही गरज नाही. महिन्याचा खर्च कुठे जातो ते कळत नसेल, तर जरूर घ्या. तेव्हा स्टीलच्या पत्र्याचा, दाबायची बटणं असलेला आणि साधे सेल घालता येतील असाच घ्या. ओल्या-पिठाळ बोटांना स्पर्शाची बटणं साथ देत नाहीत, हे मी बहिणीच्या काट्यावर पाहिलं आहे. मोबाइलला जोडला जाणारा महागडा काटा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलेंडर आणि पेन पुरतं.

फळं सहाव्या महिन्यात यादीत परत आली. वाडगा अजून सिंकशेजारीच आहे. गेल्या आठवड्याची बेरीज ५८० ग्रॅम, भात त्यात जेमतेम सत्तर. बाकीचं बरंचसं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मागे राहून गेलेल्या अर्ध्या कोबीचं होतं. कोबी आता वरच्या कप्प्यात, दार उघडताच दिसेल असा ठेवला आहे.