पानं दाबायची लाकडी चौकट: दोन मुली आणि दीड महिन्याचा अनुभव

पानगळ सुरू झाली की आमच्या घरात संध्याकाळचे दोन तास फार जड जातात. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या 22-23 तारखेनंतर दिवस रात्रीपेक्षा लहान होत जातो हे शाळेत शिकलेलं असतं. पण खेळ अर्ध्यावर टाकून दोघी मुली हिरमुसल्या तोंडाने आत येतात, तेव्हा ते खरं उमगतं. थोरली साडेसात वर्षांची, धाकटी चारची. एकीला जमतं ते दुसरीच्या हाताला झेपत नाही, आणि धाकटीला जे हवं असतं त्यात थोरलीचा जीव रमत नाही. दोघी एका टेबलाशी बसतील असं काहीतरी हवं होतं, म्हणून पानं-फुलं दाबून वाळवायची ही चौकट मागवली. आता दीड महिना रोज वापरल्यावर लिहितेय.

वस्तू साधीच आहे. वहीएवढ्या आकाराच्या प्लायवूडच्या दोन फळ्या, चार कोपऱ्यांत चार बोल्ट आणि वरून बोटांनी फिरवता येतील असे दोन कानांचे नट. फळ्यांच्या मध्ये खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे आणि टीपकागद. पुठ्ठा, टीपकागद, पान, टीपकागद, पुन्हा पुठ्ठा, अशी थप्पी लावायची आणि नट आवळायचे. दाबामुळे पान सपाट राहतं, ओल टीपकागद शोषतो आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांतून हवा खेळती राहते. याआधी आम्ही जाड पुस्तकांत पानं ठेवायचो. तिथे ओल कोंडते, पुस्तकाच्या पानांवर डाग पडतात आणि चार दिवसांनी कुठल्या पुस्तकात काय ठेवलं तेच आठवत नाही. या बाबतीत चौकट नि:संशय सरस.

तरी पहिली खेप वाया गेली. पाऊस पडून गेल्यावर गोळा केलेली पानं वरवर पुसून तशीच आत ठेवली. शिवाय धाकटीने हट्टाने एक रसरशीत लाल फळ घातलं होतं. सहाव्या दिवशी उघडलं तर काळे डाग, पांढरी बुरशी आणि कुबट वास. धाकटी ओक्साबोक्शी रडली. तेव्हापासूनचे आमचे नियम: कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर गोळा केलेलीच पानं घ्यायची, जाड देठ कापून टाकायचे, मांसल काहीही आत घालायचं नाही, आणि पहिले तीन दिवस टीपकागद रोज बदलायचे. ओले कागद सुकवून पुन्हा वापरता येतात. पातळ पानं आठवड्याभरात तयार होतात, जाड पानांना दोन आठवडेही लागतात. सोबतच्या माहितीपत्रकात कागद बदलण्याबद्दल एक अक्षर नाही, याचा मला खरंच राग आला. ती एक ओळ असती तर त्या दिवशीचं रडणं टळलं असतं.

नट आवळणं थोरलीचं काम. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की फळी तिरकी बसते आणि एका बाजूची पानं सुरकुततात. समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत जायचं, हे तिने दुसऱ्याच दिवशी स्वतः शोधून काढलं. धाकटीच्या बोटांत तेवढं बळ नाही, म्हणून मांडणी तिच्याकडे. पान टीपकागदावर ठेवायचं, दुमडलेली कड बोटाने हलकेच उलगडायची, दोन पानं एकमेकांवर येऊ द्यायची नाहीत. एरवी मिनिटभर जागेवर न बसणारी ही मुलगी श्वास रोखून एका पानाची कड सरळ करत होती. मी लांबूनच पाहत राहिले, मध्ये बोलले नाही.

पान हातात धरून इतका वेळ बसल्यावर प्रश्न येतातच. “आई, हिरवा रंग कुठे गेला?” मग सांगितलं, की थंडी आणि लहान दिवसांच्या चाहुलीने झाड हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते आत ओढून घेतं. पिवळा रंग आधीपासून पानात असतोच, हिरवा ओसरल्यावर तो दिसू लागतो. लाल रंग मात्र पुष्कळ झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. थोरलीने लगेच देठाचं टोक भिंगाखाली धरलं. “ताई, मला पण!” आणि भिंगासाठी भांडण झालं, तेही सांगायलाच हवं.

वाळलेली पानं जाड कागदावर चिकटवून थोरली खाली तारीख, जागा आणि कुणी आणलं ते लिहिते. वनस्पती अशा दाबून कागदावर जपायची रीत 16व्या शतकात इटलीतले वनस्पतिशास्त्रज्ञ लुका गिनी यांनी रूढ केली असं मानतात. हे कळल्यापासून तिचं अक्षर एकदम नीटनेटकं झालंय. पिवळी पानं छान टिकली आहेत. लाल पान खिडकीत लावलं ते उजेडाने तपकिरी पडत चाललंय, तेव्हा संग्रह अंधाऱ्या खणात ठेवा.

उणिवाही आहेत. टीपकागद फारच कमी दिलेत, जास्तीचे सोबतच मागवा. बोल्ट आखूड असल्याने पाच-सहा थरांच्या वर थप्पी मावत नाही. फळीच्या कडा खरबरीत होत्या, त्या मी पॉलिशपेपरने घासल्या; लहान मूल हात लावणार असेल तर हे आधी करा. नट सुटे निघतात, तोंडात घालण्याच्या वयाचं बाळ घरात असेल तर वर ठेवा. एकट्या चार वर्षांच्या मुलासाठी मी ही घेणार नाही. सोबत मोठं भावंड किंवा तुम्ही बसणार असाल तर जरूर घ्या.

आत्ता आत सात पानं आहेत, त्यातलं एक धाकटीच्या तळहाताएवढं. ती रोज झोपायच्या आधी चौकटीवर हात ठेवून विचारते, “झालं का?” रविवारी उघडायचं ठरलंय.