टेलविंडमध्ये मराठी अक्षरं: आठ महिने वापरून झाल्यावर

गिरगावातल्या एका पोळीभाजी केंद्राची साइट करायला घेतली तेव्हापासून टेलविंड (वेबसाइटचं रूप ठरवायला तयार नावांचे, म्हणजे क्लासचे, संच देणारं सीएसएस फ्रेमवर्क) वापरतोय, झाले आता आठ महिने. फक्त अक्षरांचा साईझ आणि जाडी ह्याबद्दल लिहितो, बाकी कौतुक लोकांनी भरपूर केलंय.

साईझची नावं पटकन हाताला बसतात. टेक्स्ट-एसएम म्हणजे १४ पिक्सेल, बेस १६, एलजी १८, उगाच १५ की १७ हा घोळ राहत नाही. पण प्रत्येक साईझबरोबर लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंचीपण येते आणि ती रोमन अक्षरांना पुरते, आपल्याला नाही. बेसला २४ पिक्सेल मिळतात, मराठीत ते दाटच वाटतं. आणि फाइव्ह-एक्सएलपासून पुढे तर लाइन-हाइट सरळ १, म्हणजे अक्षराच्या साईझएवढीच! मी हौसेनं 'साजूक तुपातली पुरणपोळी मिळेल' असं मोठ्ठं हेडिंग टाकलं, मोबाइलवर त्याच्या दोन ओळी झाल्या आणि वरचे उकार खालच्या मात्रांच्या डोक्यावर येऊन बसले, संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसतात तसे. आता हेडिंगला लीडिंग-स्नग (जरा सैल लाइन-हाइट) आणि परिच्छेदाला टेक्स्ट-बेस/७, म्हणजे लाइन-हाइट २८ पिक्सेल, हे मी डोळे झाकून लावतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणाऱ्या ट्रॅकिंग-वाइडच्या नादी तर लागूच नका, शिरोरेषा तुटते.

जाडीनं मात्र दोन रात्री खाल्ल्या. फॉन्ट-मीडियम (५००) लावलं तरी ढिम्म फरक नाही, सेमीबोल्ड (६००) आणि बोल्ड (७००) जुळे भाऊ, मी आपला क्लासचं स्पेलिंग तपासतोय, कॅशे उडवतोय... शेवटी कळलं की गाढवपणा माझाच, मुक्ता फॉन्टची ४०० आणि ७०० एवढीच वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, लोड केली होती. ५०० मागितलं आणि ते नसलं की ब्राउजर आधी ४०० उचलतो, ६०० नसलं की वरचं ७००. टेलविंड नुसता आकडा सांगतो, तेवढं जाड अक्षर फॉन्टमध्ये असायला तर पाहिजे ना. मुक्ता (आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा आहे बरं का) २०० ते ८०० अशा सात वजनांत मिळतो, त्यामुळे फॉन्ट-ब्लॅक म्हणजे ९०० लावलंत तरी पदरात ८००च पडणार. मी आता ४००, ६०० आणि ८०० ठेवलेत, सगळी सात लोड करून गिऱ्हाइकाचा डेटा कशाला जाळायचा.

मेनूतले दर आधी मी टेक्स्ट-एक्सएसमध्ये, म्हणजे १२ पिक्सेलमध्ये ठेवले होते. केंद्राच्या मावशी म्हणाल्या, "अरे मुंग्या सोडल्यास का?" ते बेस आणि सेमीबोल्ड केले, तर आता गिऱ्हाइकं त्यांना विचारतायत, दर कधी वाढवलेत म्हणून.